उघड्या फोल्डरला वाली कोण?

नवा मराठी चित्रपट लागला की दोन-तीन दिवसांत कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची लिंक येऊन पडते. पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. दिग्दर्शक हात जोडून व्हिडिओ करतो. त्याखाली एक जण ‘मराठी माणूसच मराठीचा वैरी’ असं लिहून मोकळा होतो, दुसरा ‘आधी आमच्या तालुक्यात थिएटर कुठंय ते दाखवा’ म्हणून उसळतो आणि तिसरा कुठलंतरी जुनं पोस्टर चिकटवतो: व्हायरस येईल, खातं रिकामं होईल, तीन वर्षं आत जाल. हल्ली या तिघांना वळसा घालून एक चौथा येतो. तो शांतपणे सांगतो, ‘टोरंट-बिरंट, टेलिग्राम-बिलिग्राम काही नको. उघड्या डिरेक्टरीत शोधा. जाहिरात नाही, नोंदणी नाही, सरळ फाइल.’ सगळ्यात जास्त अंगठे त्याला मिळतात आणि वाद तिथंच मरतो.

वाद मरतो कारण पहिल्या तिघांकडे चौथ्याला द्यायला उत्तर नसतं. एकाकडे अस्मिता आहे, एकाकडे अडचण, एकाकडे भीती. चौथ्याकडे निदान माहिती आहे, आणि ती अर्धी खरीही आहे. माझं म्हणणं असं: उघड्या डिरेक्टरीतून सिनेमा उतरवू नये, पण त्याचं मुख्य कारण तुरुंग नाही, आणि व्हायरससुद्धा दुय्यम आहे. मुख्य कारण हे, की त्या फाइलला वाली नाही. ती कुणी ठेवली, कुठून आणली, तिच्यात काय आहे, काय छाटलंय, उद्या ती तिथं असेल का, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर देणारा माणूस तिच्यामागे उभा नसतो. हे कारण एकदा धरलं, की तोच प्रश्न अधिकृत बाजूलाही विचारावा लागतो. जुन्या मराठी सिनेमाला तिथं तरी वाली आहे का? या दुसऱ्या प्रश्नाला बगल द्यायची असते, म्हणूनच बहुधा पहिल्याचं उत्तर भीती घालून दिलं जातं.

उघडी डिरेक्टरी म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करू. वेबसर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये मुखपृष्ठाची फाइल नसेल आणि यादी दाखवण्याची सोय बंद केलेली नसेल, तर सर्व्हर त्या फोल्डरमधल्या फाइलींची यादीच समोर ठेवतो. पांढरं पान, वर ‘इंडेक्स ऑफ’, पहिल्या ओळीत निळ्या अक्षरांत ‘पेरेंट डिरेक्टरी’, खाली नावं, तारखा, आकार. वेबच्या बाल्यावस्थेपासून ही सोय आहे आणि तिच्यात गैर काही नाही. लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या आवृत्त्या जगभरच्या विद्यापीठांच्या सर्व्हरवरून अशाच याद्यांतून उतरवल्या जातात. इंटरनेट आर्काइव्ह ही 1996 साली सुरू झालेली संस्थाही आपल्या संग्रहातल्या फाइली साध्या यादीच्या रूपात दाखवते. तेव्हा ‘उघडी डिरेक्टरी म्हणजे गुन्हेगारी’ असं म्हणणारा पहिल्याच वाक्यात हरतो. खुलेपणात दोष नाही. विद्यापीठाच्या यादीमागे विद्यापीठ असतं, आर्काइव्हच्या यादीमागे आर्काइव्ह असतं, तक्रार करायला पत्ता असतो. नुकत्याच लागलेल्या सिनेमाच्या यादीमागे कोण असतं?

आता तुरुंगाचं. थापा सगळ्यात जास्त इथंच चालतात. 2016 साली ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाच्या पायरसीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात होतं. त्या काळात बंद केलेल्या साइटवर गेलं की तिथला मजकूर पाहणं, उतरवणं हा दंडनीय गुन्हा असल्याची पाटी झळकायची. नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, हे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तेव्हा स्पष्ट केलं. परवानगीशिवाय वितरण करणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्यानं देणं हा गुन्हा. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा सुधारला. किमान 3 महिने कैद आणि 3 लाख दंड, कमाल 3 वर्षं आणि निर्मितीखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड, ही त्यातली शिक्षा थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला आणि चोरीची प्रत लोकांपर्यंत पोचवणाऱ्याला आहे. लातूरच्या खोलीत कानात इअरफोन घालून बसलेल्या पोराला ती दाखवायची ही दिशाभूल आहे, आणि दिशाभूल उघडी पडली की सांगणाऱ्याचं उरलेलं खरंही कुणी ऐकत नाही.

म्हणून मोकळं रान आहे का? नाही. पाहणं आणि उतरवणं यांत फरक आहे. चित्रपटाची प्रत करण्याचा हक्क 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं मालकाला दिलाय, आणि डाउनलोड म्हणजे प्रत. फौजदारी सोडा, दिवाणी दावा लागूच शकतो. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43 व्या कलमात, संगणकाच्या मालकाच्या परवानगीशिवाय त्यावरचा डेटा उतरवून घेणं हेही बसतं. चौथ्याचा एक मुद्दा मात्र मान्य: टोरंटमध्ये आपण उतरवता उतरवता इतरांना वाटतही असतो, म्हणजे नकळत वितरक होतो. डिरेक्टरीत तसं होत नाही. घरातल्या एकट्या प्रेक्षकामागे पोलीस लागण्याची शक्यता कमी, हेही खरं. पण ‘पकडले जाणार नाही’ हे कृत्याचं समर्थन केव्हापासून झालं?

व्हायरसच्या बाबतीतही तेच. साधी व्हिडिओ फाइल उघडल्यानं संगणक बिघडण्याचे प्रसंग कमी असतात. जाणकार माणूस हे जाणतो आणि पोस्टरला हसतो. धोका असतो तो व्हिडिओच्या वेषात आलेल्या दुसऱ्या गोष्टींचा. विंडोज मूळ अवस्थेत फाइलीच्या नावाचं शेपूट लपवतं. त्यामुळे ‘एमपी4’वर संपल्यासारखं दिसणारं नाव खरं तर ‘ईएक्सई’वर, म्हणजे उघडताच चालू होणाऱ्या प्रोग्रामवर, संपत असतं. पासवर्ड लावलेली झिप असते, म्हणजे अँटीव्हायरसला आत डोकावता येत नाही आणि पासवर्ड मिळवायला आणखी एका पानावर जावं लागतं. ‘हा सिनेमा चालवण्यासाठी आधी हा प्लेअर टाका’ असं सांगणारी एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, असते, आणि फोनमध्ये एपीके टाकून एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी कुणाच्या हातात गेला ते सांगायला नको. 2017 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं, की व्हीएलसी, कोडी यांसारख्या लोकप्रिय प्लेअरमध्ये नुसत्या सबटायटलच्या फाइलीतूनही शिरकाव करता येत होता. त्या भेगा बुजवल्या गेल्या. पण साध्या मजकुराच्या फाइलीकडे कुणी संशयानं पाहत नव्हतं, हे त्यातून कळलं.

आणि चौथ्याच्या सल्ल्यात एक गोम आहे, जी त्याच्या स्वतःच्या लक्षात आलेली नसते. चुकून उघडं राहिलेलं खरंखुरं फोल्डर टिकत नाही. मालकाला बँडविड्थचं, म्हणजे वाहून गेलेल्या डेटाचं, बिल येतं, किंवा सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या होस्टिंग कंपनीकडे तक्रार जाते, आणि ते बंद होतं. त्याची लिंक जितकी फिरेल तितकं ते लवकर मरतं. मग महिनोन्‌महिने शोधनिकालांत वर तरंगत राहतं ते काय? बहुतेक वेळा ‘इंडेक्स ऑफ’ हे शब्द शीर्षकात मुद्दाम पेरलेलं, यादीचा मुखवटा घातलेलं पान. त्याच्या प्रत्येक ओळीवर टिचकी मारली की सट्ट्याच्या ॲपची जाहिरात उघडते. म्हणजे ही पद्धत थोड्या माहीतगारांपुरती राहते तोवरच थोडीफार सुरक्षित, आणि सल्ला म्हणून पन्नास जणांच्या ग्रुपवर टाकली की त्याच क्षणी असुरक्षित. ग्रुपवर सल्ला देणारा स्वतः खोटं पान ओळखेल. त्याच्या मावशीला ते ओळखता येईल का? आयजीच्या जिवावर बायजी उदार, असा हा प्रकार आहे.

खऱ्या फोल्डरबद्दल तर फार कमी बोललं जातं, आणि मला ते सगळ्यात जास्त खटकतं. अशी कित्येक फोल्डरं कुणा दिलदार चित्रपटप्रेमीनं जगासाठी खुली केलेली नसतात. घरात राउटरशेजारी ठेवलेला साठवणीचा डबा, म्हणजे ज्याला नॅस म्हणतात तो, कुणीतरी ऑफिसातून वापरता यावा म्हणून इंटरनेटला जोडतो आणि सेटिंग अर्धवट राहतं. मग यादीत ‘मूव्हीज’च्या वरखाली काय असतं? ‘फोटो’, ‘टॅली बॅकअप’, ‘पासपोर्ट स्कॅन’, ‘बाळाचं बारसं’. सिनेमा उतरवणारा त्या नावांवरून नजर फिरवून पुढं जातो. ‘त्यानंच उघडं ठेवलं, आमचा काय दोष’ हे उत्तर मी ऐकलंय. शेजाऱ्याचं दार चुकून सताड उघडं राहिलं तर आपण त्याला हाक मारतो, आत जाऊन त्याच्या कपाटातली सीडी घेत नाही. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रणालीनं क्यूनॅप कंपनीचे इंटरनेटवर उघडे राहिलेले असेच डबे हेरून त्यांतल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडून 0.03 बिटकॉइन मागितले. खंडणीखोर आणि फुकट्या प्रेक्षक यांना मी एका पंगतीला बसवत नाही. पण दोघं त्याच दारातून आत येतात, आणि दार उघडं आहे हे मालकाला दोघांपैकी एकही जण सांगत नाही.

समजा हे सगळं टळलं. फाइल स्वच्छ निघाली, चालली. हातात काय आलं? फाइलीचा आकार बघा. जुन्या सिनेमांच्या फाइली हटकून 700 एमबीच्या आसपास असतात, किंवा त्याच्या दुप्पट. सिनेमाच्या लांबीशी त्याचा संबंध नाही. एका सीडीत तेवढंच मावायचं म्हणून रिप करणाऱ्यांनी, म्हणजे डिस्कवरून फाइल काढणाऱ्यांनी, ते माप ठरवलं, सीडी गेली तरी माप राहिलं. म्हणजे छायाचित्रकारानं महिनोन्‌महिने जमवलेला उजेड 2003 सालच्या सीडीत मावण्यासाठी पिळून काढलाय. मराठी सिनेमांच्या फाइली बऱ्याचदा व्हीसीडीवरून किंवा टीव्हीवरून घेतलेल्या असतात. कोपऱ्यात वाहिनीचा लोगो, चौकट दोन्ही बाजूंनी कापलेली, जाहिरातींच्या जागी धक्का देणारे सांधे, एखादं गाणं गायब आणि श्रेयनामावली तर पहिल्यांदा छाटलेली. कलादिग्दर्शक कोण, संकलक कोण, गीतकार कोण, हे कळायची सोयच उरत नाही. फाइलीच्या नावात सालही चुकीचं. पुढं अशीच फाइल पिढीच्या डोक्यात ‘तो सिनेमा’ म्हणून बसते. एखादा जुना मराठी चित्रपट ‘संथ’, ‘अंधारा’, ‘किरटा’ वाटला असं तरुण मित्र सांगतात, तेव्हा मी आधी विचारतो, कुठली प्रत पाहिलीस? दहातल्या नऊ वेळा दोष दिग्दर्शकाचा नसतो.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. लोक हौसेनं चोरत नाहीत, मिळत नाही म्हणून चोरतात. हे मी मान्य करतो, आणि इतिहासही त्याच बाजूनं साक्ष देतो. 1982 च्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मध्यमवर्गाच्या घरात आले. गावोगाव एसटी स्टँडामागे व्हिडिओ पार्लर उघडली, रात्रीच्या लक्झरी गाड्या ‘व्हिडिओ कोच’ झाल्या, आणि त्यांत चालणाऱ्या कॅसेटी कुठून येतात हे कुणी विचारत नसे. सरकारनं 1984 मध्ये कॉपीराइट कायदा कडक केला. महाराष्ट्रानं त्याच्याही पुढं जाऊन 2009 मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंना स्थानबद्ध करण्याच्या आपल्या 1981 च्या कायद्यात, ज्याला आपण एमपीडीए म्हणतो त्यात, व्हिडिओ पायरेटही घातले. हातभट्टीवाला आणि सीडीवाला एका कायद्यात! त्यानं फुटपाथ रिकामे झाले का? फुटपाथला खरी टक्कर दिली ती 2007 मध्ये मोझर बेअर या कंपनीनं, व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकून. चोरीच्या मालाच्या भावात पेटीबंद, बिलासकट, बदलून मिळणारी सीडी. पुढं डिस्कचा जमानाच संपला आणि ती कंपनीही बुडाली, तो भाग वेगळा. पण पोलिसांना जमलं नव्हतं ते तिच्या किमतीला थोडाफार काळ तरी जमलं होतं.

अडचणही खोटी नाही. कित्येक तालुक्यांत एकपडदा थिएटरं बंद होऊन लग्नाचे हॉल झाले. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला दुपारी 12 ते रात्री 9 या वेळात जागा मिळावी म्हणून 2015 मध्ये सरकारला बडगा उगारावा लागला, आणि आजही नवा चित्रपट दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेनऊच्या एका खेळावर येऊन बसतो. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी माणसाला पैसे देऊनही ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ ही पाटी वाचावी लागते. कोणता सिनेमा कोणत्या ॲपवर आहे आणि पुढच्या महिन्यात तिथं राहील का, हे ज्योतिषाला विचारावं लागतं.

पण हे समर्थन कुठल्या सिनेमाला लागू पडतं, ते बघा. जो आज थिएटरात लागलाय, किंवा दोन महिन्यांनी ॲपवर येणार आहे, त्याला ते लागू पडत नाही. तिथं ‘मिळत नाही’ याचा अर्थ ‘आज रात्री फुकट मिळत नाही’ एवढाच असतो. आणि डिरेक्टरीतले शोध बहुधा होतात ते याच सिनेमांसाठी, ज्या दुर्मीळ कृष्णधवल चित्रपटाचं नाव वादात ढाल म्हणून पुढं केलं जातं त्याच्यासाठी नव्हे. मराठी निर्मात्याकडे हिंदीसारखं परदेशी वितरण नाही, संगीताच्या हक्कांची मोठी रक्कम नाही. पहिले दोन आठवडे, मग वाहिनी आणि ॲपला विकलेले हक्क, एवढ्यावर त्याचा हिशेब. घेणाऱ्यासमोर घासाघीस करताना ‘हा तर आधीच सगळ्यांच्या फोनमध्ये आहे’ हे वाक्य त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं, तर त्यानं काय उत्तर द्यायचं? पैशाचं कारणही दर वेळी खरं नसतं. राजश्री मराठी, अल्ट्रा, एव्हरेस्ट यांच्यासारख्यांनी यूट्यूबवर आपल्या हक्काचे कितीतरी मराठी चित्रपट पूर्ण लांबीचे, जाहिरातींसह, फुकट ठेवलेत. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी प्रसारभारतीनं ‘वेव्हज’ हे ॲप सुरू केलं, त्यावरही फुकट पाहण्यासारखं पुष्कळ आहे. ते न धुंडाळता सरळ ‘इंडेक्स ऑफ’कडे जाणाऱ्याला मी गरजू म्हणणार नाही.

दुसरं बळकट म्हणणं जतनाचं. चोरट्या प्रतींनीच सिनेमा वाचतो, असं काही अभ्यासू मित्र म्हणतात, आणि त्यांच्याकडे एक अस्सल उदाहरण आहे. ‘नोसफेराटू’ हा 1922 चा जर्मन मूकपट ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरून परवानगीशिवाय बेतला होता. कादंबरीकार ब्रॅम स्टोकरच्या विधवेनं खटला भरला आणि त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश कोर्टानं दिला. आदेश तंतोतंत पाळला गेला असता तर तो चित्रपट आज नसता. प्रती आधीच इकडंतिकडं गेल्या होत्या म्हणून तो उरला. आपल्याकडे उलट घडलं. भारतात तेराशेहून जास्त मूकपट निघाले, त्यांतले तीसेक उरले, तेही बरेच तुटक. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज कुणालाही संपूर्ण पाहता येत नाही. ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट तर नाहीच. रिळांतली चांदी काढून घेण्यासाठी ती विकली गेली, आणि 2003 मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या वास्तूतल्या आगीत नायट्रेटची कितीतरी रिळं जळून गेली. प्रत्येक सिनेमाच्या हजार प्रती लोकांच्या घरांत असत्या तर?

या प्रश्नानं मीही अडखळतो. पण ‘नोसफेराटू’ वाचला तो कुणीतरी रिळं डब्यात घालून, वर नाव लिहून ठेवली म्हणून, आणि पुढं चित्रपटसंग्रहालयांनी त्या प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या म्हणून. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये स्थापन झालं. ते उभं करणारे पी. के. नायर यांनी तिथं तेच केलं: वितरकांच्या गोदामांत, निर्मात्यांच्या माळ्यावर, जिथं मिळेल तिथं शोधायला गेले, जे मिळालं ते आणून नोंदवलं. उघड्या फोल्डरमध्ये नोंद कोण करतो? फाइल आज आहे, उद्या ‘404’, म्हणजे ‘सापडत नाही’ची पाटी. कुणाकडे एखाद्या दुर्मीळ मराठी चित्रपटाची प्रत खरोखरच असेल, तर तिची जागा संग्रहालयात आहे; हक्क संपलेला असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर, कुठून मिळाली त्या माहितीसह. डिस्कवर ‘मराठी ओल्ड न्यू फोल्डर 2’मध्ये ती पडून असणं याला जतन म्हणायचं, तर माझ्या माळ्यावरही एक अभिलेखागार आहे.

विकत घेतलेलं तरी आपलं असतं का, असा तिसरा टोमणा असतो. तो बिनतोड आहे. 2009 मध्ये अमेझॉननं ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडल या वाचनयंत्रावरून परस्पर पुसून टाकली होती. ज्यानं ती विकायला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, असं कारण निघालं. पण त्या प्रकरणात लोकांनी जाब विचारला, कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली, भरपाई द्यावी लागली. जाब विचारायला समोर कुणीतरी होतं. मी वालीपण म्हणतो ते एवढंच.

आणि म्हणून अधिकृत बाजूला सोडून देता येत नाही. पुस्तकांसाठी या देशानं 1954 मध्ये कायदा केला, की प्रकाशकानं प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ठिकाणी पाठवावी. त्यामुळे 1958 सालची, कुणी न वाचलेली मराठी कादंबरीही मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात सापडण्याची शक्यता असते. 1998 सालचा मराठी चित्रपट कुठं सापडेल? निर्माता वारला, मुलं पुण्यात नोकरी करतात, निगेटिव्ह बंद पडलेल्या लॅबमध्ये होती, व्हीसीडीचे हक्क एका कंपनीकडे आणि टीव्हीचे दुसरीकडे. वाली नसलेली फाइल तिथं आहे, तसा वाली नसलेला सिनेमा इथं आहे. एकानं दुसऱ्याला जन्म दिलाय.

यावर कायद्यात वाटा आहेत, पण त्यांवरून चालताना कुणी दिसत नाही. कॉपीराइट कायद्याच्या 31-अ कलमानुसार कर्ता हयात नसेल, माहीत नसेल किंवा सापडत नसेल, तर ती कृती प्रकाशात आणण्यासाठी सक्तीचा परवाना मागता येतो. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. म्हणजे 1965 मध्ये लागलेल्या चित्रपटाचा 31 डिसेंबर 2025 रोजी संपला (मूळ कथेचे आणि गीतांचे हक्क वेगळे मोजावे लागतात, ते असो). दर 1 जानेवारीला ‘या वर्षी हे मराठी चित्रपट सगळ्यांचे झाले’ अशी यादी संग्रहालयानं का जाहीर करू नये? राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली 2022 मध्ये 363 कोटी रुपये चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी मंजूर झाले. जनतेच्या पैशानं स्वच्छ केलेला सिनेमा महोत्सवातल्या एका खेळापुरता का राहावा?

राज्य सरकारचा भाग तर अगदी हातातला आहे. मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून सरकार अनुदान देतं. त्यासोबत एक अट घालावी: चित्रपटाची मूळ गुणवत्तेची डिजिटल प्रत आणि हक्क कुणाकडे आहेत याची नोंद सरकारजमा करायची, आणि ठरावीक वर्षांनी तो कुठल्याही अधिकृत ठिकाणी उपलब्ध नसेल, तर सरकारनं तो नाममात्र शुल्कात, जगभर, दाखवायचा. निर्माते ओरडतील, की आमच्या उरल्यासुरल्या कमाईवर टाच आली. ओरडणं रास्त आहे, म्हणून मुदत सात वर्षांची ठेवा, दहाची ठेवा, जमलेलं शुल्क त्यांनाच द्या. जो चित्रपट कुठंच दिसत नाही त्यातून त्यांना आज किती मिळतंय, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगावं. अर्जात फक्त एक रकाना वाढवायचाय: ‘हा चित्रपट दहा वर्षांनी प्रेक्षकाला कुठं पाहता येईल?’ तो कोरा असेल, तर अनुदानाचे पैसे तोवर थांबवावेत.